न्हावा, शेवा, करंजा, घारापुरी : मुंबई बंदराच्या पूर्वेकडील बेटे

मुंबई बंदर म्हणून ओळखला जाणारा विस्तीर्ण जलाशय पश्चिमेला मुंबई शहर आणि पूर्वेला रायगड जिल्ह्याचा किनारा यांच्यामध्ये पसरलेला असून, त्याच्या पूर्व भागात घारापुरी, न्हावा, शेवा आणि करंजा ही बेटे थोड्याथोड्या अंतरावर एकमेकांना धरून उभी आहेत. मुंबई ज्या सात बेटांच्या जोडणीतून घडली त्यांची नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पूर्वेकडील या बेटांची मात्र समूह म्हणून ओळख जवळजवळ पुसली गेली आहे. घारापुरी तेवढी लेण्यांमुळे जगाला ठाऊक झाली, पण तीही मुंबईचे एक प्रेक्षणीय स्थळ म्हणून. प्रत्यक्षात ती रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील ग्रामपंचायत आहे. न्हावा आणि शेवा ही दोन स्वतंत्र बेटांची नावे एकत्र येऊन एका महाबंदराचे नाव झाले, आणि करंजा बेट म्हणजे आजचे उरण हे तर उरणकरांखेरीज फार थोड्यांना माहीत असते. ही बेटे एकमेकांच्या संदर्भात पाहायची, तर ती पाण्यावरून आणि पूर्वेच्या किनाऱ्याकडून पाहावी लागतात. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला जाऊन दुपारच्या लाँचने परतणाऱ्या प्रवाशाला लेणी दिसतात, समूह दिसत नाही.

भूशास्त्राच्या दृष्टीने ही सारी बेटे दख्खनच्या पठाराची, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाची आहेत. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली तेव्हा मूळच्या डोंगररांगांमधील दऱ्या पाण्याखाली गेल्या आणि माथे तेवढे वर राहिले. घारापुरीच्या सुमारे दीडशे मीटर उंचीच्या दोन टेकड्या, उरणची द्रोणागिरी आणि न्हाव्याचा उंचवटा हे असेच राहिलेले माथे होत. दऱ्यांच्या जागी आलेल्या उथळ पाण्यात ठाणे, पनवेल आणि धरमतर या खाड्यांनी शतकानुशतके गाळ आणून टाकला, त्या गाळावर तिवरांची जंगले उभी राहिली, आणि भरतीला पाण्याखाली जाणारी व ओहोटीला उघडी पडणारी दलदलीची जमीन, जिला किनाऱ्यावर खाजण म्हणतात, बेटांच्या भोवती तयार झाली. म्हणून या बेटांना ठाम काठ असा कधीच नव्हता; दिवसातून दोनदा त्यांचा आकार बदलत असे आणि घारापुरीच्या पूर्व अंगाला तो आजही बदलतो.

या बेटांचे राजकीय मोलही पूर्वी एकत्रितच मोजले जात असे. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून वसईचा प्रदेश मिळवला तेव्हा बंदरातील बेटेही त्यांच्या ताब्यात आली. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी उत्तर कोकणातून पोर्तुगीजांची सत्ता उखडून काढली. आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीवर हल्ला केला तेव्हा त्यांची नजर या पूर्वेकडील बेटांवरही होती. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या शेवटी महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, त्यात साष्टीबरोबर घारापुरी, करंजा आणि न्हावा-शेव्याच्या परिसरातील हॉग बेट इंग्रजांकडेच राहिले. पुण्याच्या दरबाराला आणि कलकत्त्याच्या कौन्सिलला ज्या चिमुकल्या बेटांवर घासाघीस करावीशी वाटली, त्यांचे महत्त्व उघड होते : ज्याच्याकडे ही बेटे, त्याच्याकडे मुंबई बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवण्याची सोय.

न्हावा, शेवा आणि करंजा यांचे बेटपण कसे संपले याची कहाणी दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा फार सावकाश, अनेक पिढ्यांचा. आगरी समाजाने खाजणांना मातीचे बांध घालून, भरतीचे खारे पाणी अडवून आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतील मीठ धुऊन काढून भातशेती उभी केली. या बांधांना खारबंदिस्ती म्हणतात आणि बांधातील पाणी ओहोटीला बाहेर सोडून भरतीला आपोआप बंद होणाऱ्या लाकडी झडपेला उघाडी. जिथे भात पिकवायचे नव्हते तिथे मिठागरे झाली. अशा रीतीने बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील पाणी थोडेथोडे आक्रसत गेले, पण खाड्या वाहत्या राहिल्या, मासळीची ये-जा चालू राहिली आणि गावाचा समुद्राशी संबंध तुटला नाही. या लेखाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या टप्प्यात नेमके हेच घडले नाही.

दुसरा टप्पा सुरू झाला तो नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली त्या १९७० पासून, आणि त्याला खरा वेग आला तो मुंबईच्या जुन्या गोद्यांवरील ताण कमी करण्यासाठी न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभारण्याच्या निर्णयाने. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रासाठी न्हावा बेटावर तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा पुरवठा तळ उभा राहिला. जमीन संपादनाच्या दराविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन उभारले, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचा बळी गेला, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. आज देशातील कंटेनर वाहतुकीत अग्रेसर असलेल्या या बंदरातून २०२४-२५ या वर्षात वीस फुटी कंटेनरच्या परिमाणात सत्तर लाखांहून अधिक कंटेनरांची चढउतार झाली.

या आकड्याच्या शेजारी शेवा कोळीवाड्याची नोंद ठेवणे आवश्यक आहे. बंदरासाठी हा कोळीवाडा मूळ जागेवरून उठवून उरणजवळ वसवण्यात आला आणि त्याला हनुमान कोळीवाडा हे नाव मिळाले. नव्या जागेतील घरांना वाळवी लागली, आणि पुरेशा व राहण्याजोग्या पुनर्वसनाची मागणी तेथील कुटुंबे दशकानुदशके करीत आली आहेत. या मागणीसाठी त्यांनी आपल्या होड्या बंदराच्या जलमार्गात नेऊन मोठ्या जहाजांची वाट रोखण्याचा मार्गही अवलंबला. शेतकऱ्याची जमीन सात-बाराच्या उताऱ्यावर असते, तिचा भाव ठरवता येतो आणि भांडताही येते. कोळ्याची मासेमारीची जागा कोणत्याच उताऱ्यावर नसते. भरपाईच्या हिशोबात कोळीवाडे मागे पडले ते मुख्यतः यामुळे.

या परिसरात बोटीने फिरण्याचे मार्ग आजही अनेक आहेत. उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला प्रवासी लाँच जातात. घारापुरीचे रहिवासी बाजारहाटासाठी उरण आणि न्हाव्याच्या बाजूला ये-जा करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी मुंबईतील बेलापूर जेट्टीवरून जलटॅक्सीची सुरुवात झाली. आणि १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण रेल्वे सुरू झाल्यापासून मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत लोकलने पोहोचणेही सोपे झाले. त्याच दिवशी शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा आणि त्यातील साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जाणारा अटल सेतू खुला झाला. पुलावरून हे अंतर काही मिनिटांत कापता येते. पण पुलावरून जाणाऱ्याला बेटे ओझरती दिसतात, पाणी किती खोल, कुठे गाळ, कुठे तिवर याचा त्याला पत्ता लागत नाही, आणि हा समूह समजून घ्यायचा तर नेमके तेच कळले पाहिजे.

पाण्यावरचा प्रवास भरतीच्या वेळेशी बांधलेला असतो, आणि ती वेळ काढण्याची कोकण किनाऱ्यावरील रीत अतिशय सुबक आहे. पंधरवड्यातील तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ठोकळ वेळ मिळते : चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे दुपार-मध्यरात्रीच्या आगेमागे. पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, आणि चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येत असल्याने भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत काम करते, तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात आणि मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या सुमारास चढउतार मंदावतो, तो भांग. हे गणित चांद्र पंचांगावर आधारलेले असल्यामुळे घरातील भिंतीवरची दिनदर्शिका हीच तांडेलाची, म्हणजे होडीच्या प्रमुखाची, भरतीची सारणी ठरते. यंत्रावर अचूक वेळ दिसू लागल्यावरही किनाऱ्यावरील जाणती माणसे हा हिशोब तोंडी करतात, याचे कारण केवळ सवय नसून त्यातून वेळेबरोबर पाण्याचा जोरही कळतो हे आहे.

मोऱ्याहून मुंबईकडे निघालेली लाँच खोल पाण्यात आली की बेटांची परस्पर जागा स्पष्ट होते. उजवीकडे न्हावा-शेव्याच्या धक्क्यांवरील निळ्या-तांबड्या क्रेनची रांग, त्यांच्यासमोर पाण्याच्या पट्ट्यापलीकडे घारापुरीच्या दोन हिरव्या टेकड्या, आणि घारापुरीच्या पश्चिमेला तेलाच्या गोल टाक्यांनी भरलेले जवाहर द्वीप, ज्याचे जुने नाव बुचर आयलंड. येथे तेलवाहू जहाजे लागतात आणि समुद्रतळावरील वाहिन्यांतून तेल तुर्भे-माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून येथील डिझेलच्या टाकीला लागलेली आग विझायला काही दिवस लागले होते. सामान्य प्रवाशाला येथे पाय ठेवता येत नाही. अशी बंदी आणखीही काही ठिकाणी आहे : मिडल ग्राउंड हे तटबंदीचे खडकाळ बेट नौदलाच्या ताब्यात आहे आणि करंजा बेटाच्या मोठ्या भागावर नौदलाचे शस्त्रभांडार आहे. त्यामुळे या समूहातील जी बेटे पाहता येतात ती मोजकीच, आणि बाकीची फक्त बोटीतून न्याहाळायची.

घारापुरीला राजबंदर, शेतबंदर आणि (उरणच्या मोऱ्याहून वेगळे) मोराबंदर अशी तीन गावे आहेत. पर्यटकांच्या लाँच लागतात त्या शेतबंदराच्या बाजूला, आणि तिथून पायऱ्यांच्या दुतर्फा दुकाने पार करीत बहुतेक जण थेट मुख्य लेण्यात जातात. पूर्वेकडील मोराबंदर मात्र न्हावा-शेव्याच्या समोर आहे, आणि बेटाच्या इतिहासाचे सर्वांत जुने पान तिथेच सापडते. मोराबंदरच्या परिसरात रोमन अँफोरांचे, म्हणजे मद्य आणि ऑलिव्ह तेलाची ने-आण करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. याचा अर्थ असा की शैव लेणी कोरली जाण्याच्या कित्येक शतके आधी या बेटावर दूरच्या देशांतील माल उतरत होता आणि बौद्ध वस्ती नांदत होती. आज जगभरातील कंटेनर ज्या पाण्यात उतरतात, त्याच पाण्याच्या पलीकडल्या काठावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागरी व्यापाराची ही साक्ष मातीत पडून आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखात ज्या पुरी नगरीवर आरमारासह स्वारी केल्याचा उल्लेख आहे, ती कोकणच्या मौर्यांची राजधानी म्हणजे घारापुरीच असे काही अभ्यासकांनी मानले. इतरांनी ती जंजिऱ्याजवळील राजपुरी मानली. वाद मिटलेला नाही, पण घारापुरीचा दावा हसण्यावारी नेण्यासारखा खासच नाही.

मुख्य लेणे सामान्यतः सहाव्या शतकाच्या मध्याचे मानले जाते, आणि बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडल्यामुळे त्याच्या कारकिर्दीशी त्याचा संबंध जोडला जातो. या लेण्याची रचना दोन अक्षांवर झाली आहे : चारही दिशांना दारे आणि प्रत्येक दाराशी अवाढव्य द्वारपाल असलेले लिंगाचे गर्भगृह पूर्व-पश्चिम अक्षावर, तर सदाशिवाची भव्य मूर्ती उत्तर-दक्षिण अक्षावर, दक्षिणेच्या भिंतीत खोल कोरलेली. पाहणारा आज उत्तरेकडून आत येतो आणि त्याला समोरच सदाशिव दिसतो. पण पूर्वेचे अंगण आणि पूर्वाभिमुख गर्भगृह पाहिले म्हणजे उपासनेची मूळ दिशा वेगळी असावी असे मानणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे पटू लागते. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या सदाशिवाची तीन मुखे दिसतात आणि चौथे पाठीमागे खडकात राहिले आहे असे समजायचे असते. डावीकडील अघोर मुखावर मिशा, वळलेली भुवई, जटांत कवटी आणि हातात नाग. उजवीकडील वामदेव मुख स्त्रीसुलभ, कुरळ्या केसांच्या बटा मोत्यांच्या सरांत गुंफलेल्या आणि बोटांत अर्धवट उमललेले कमळ. मधले तत्पुरुष मुख मिटल्या डोळ्यांचे, जाड खालच्या ओठाचे, कोणत्याही भावनेच्या पलीकडे गेलेले. थोडे बाजूला सरकले की अंधुक उजेडात एका मुखाची कड उजळते आणि दुसरे सावलीत जाते, म्हणून या मूर्तीपुढे एकाच जागी उभे राहून छायाचित्र काढून निघून जाणे हा तिच्यावर अन्याय आहे. गंगाधर, अर्धनारीश्वर, अंधकासुरवध, शिव-पार्वतीचा विवाह, रावणाने हलवलेला कैलास हे शिल्पपट भोवताली आहेत; त्यांचे खालचे भाग पोर्तुगीज काळात आणि नंतरही मोडले गेले. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले तो १८६४ मध्ये हलवताना फुटला आणि आज मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. १९८७ मध्ये ही लेणी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, आणि त्याआधीच, १९८५ मध्ये, बेटाच्या किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झाला होता. समोरच्या किनाऱ्यावर बंदर उभे राहत असताना हे घडले, हे विशेष.

जागतिक वारसा ठरलेल्या या बेटावर चोवीस तास वीज मात्र फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळाखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या वाहिनीतून आली. तोवर जनित्रावर संध्याकाळचे काही तास दिवे लागत, तर पश्चिमेला मुंबई आणि पूर्वेला न्हावा-शेवा बंदर रात्रभर उजळलेले असे. पर्यटन हाच तिन्ही गावांचा मुख्य आधार असल्याने लाँच बंद म्हणजे कमाई बंद. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या चाचणी चालू असलेल्या वेगवान बोटीने घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला धडक दिली आणि त्यात दहाहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. बंदरातील इतर बोटी धावून गेल्या म्हणून पुष्कळांचे जीव वाचले. तेलवाहू जहाजे, कंटेनर जहाजे, नौदल, मच्छीमार आणि प्रवासी हे सारे एकाच मर्यादित पाण्यात वावरत असताना लहान बोटीच्या सुरक्षिततेचा विचार सर्वांत शेवटी होतो, हे त्या दिवशी फार मोठी किंमत मोजून समोर आले.

या पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न एकदा न्यायासनापुढेही गेला. बंदराच्या विस्तारासाठी भराव घालताना तिवरे तोडली गेली आणि खाड्यांची मुखे आवळली गेली, त्यामुळे पारंपरिक मासेमारीचे क्षेत्र आणि होड्यांचे मार्ग नष्ट झाले, अशी तक्रार येथील मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पीठापुढे मांडली. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने ती मान्य करून १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा निर्णय दिला आणि तिचा भार बंदर, तेल महामंडळ आणि सिडको यांच्यात विभागला. चिखलात हाताने निवट्या आणि चिंबोऱ्या धरणे, खडकावरची कालवे फोडणे, भरतीच्या प्रवाहात खुंटांना बांधून डोल जाळे लावणे ही कामे प्रामुख्याने ओहोटी-भरतीच्या सीमेवरच्या पट्ट्यात चालतात, आणि भरावाखाली सर्वांत आधी जातो तो हाच पट्टा. हिवाळ्यात येणारे रोहित पक्षीही याच चिखलावर पोट भरतात; पाणजे आणि परिसरातील पाणथळींत भरतीचे पाणी येऊ द्यावे, त्या बुजवू नयेत यासाठी पर्यावरणप्रेमी आणि मच्छीमार एकत्र आले ते या समान गरजेमुळे.

या सगळ्या जलव्यवहारातील विसंगती मोऱ्याच्या धक्क्यावर सर्वांत ठळकपणे दिसते. न्हावा-शेव्याला येणाऱ्या महाकाय कंटेनर जहाजांसाठी समुद्रतळ खोदून सुमारे पंधरा मीटर खोलीचा जलमार्ग राखला जातो आणि त्यातील गाळ सतत उपसला जातो. त्याच बंदराच्या कुशीत मोऱ्याच्या धक्क्याभोवती मात्र गाळ साचत राहतो, आणि मोठ्या ओहोटीच्या दिवशी धक्क्याला लाँच लागत नाही म्हणून उरण-मुंबई प्रवासी वाहतूक काही तास बंद ठेवावी लागते. नोकरदार, विद्यार्थी, मासळी घेऊन निघालेल्या बायका यांना तेवढा वेळ थांबावे लागते किंवा रस्त्याने वळसा घालावा लागतो. घारापुरीला जाण्यासाठी उरण-न्हाव्याच्या बाजूने, पर्यटकांनाही वापरता येईल अशी नियमित आणि सुरक्षित बोटसेवा हवी, अशी अपेक्षा धरताना पहिले काम निघते ते मोऱ्याचा गाळ काढण्याचे.